तोंडाशी आलेलं माणूस

जीपनीत, म्हणजे समोरासमोर बाकं असलेल्या आमच्या लांब प्रवासी जीपगाडीत, भाड्याची नाणी हातोहात पुढे जातात. मागच्याने माझ्या हातावर ठेवायची, मी पुढच्याच्या हातावर, आणि त्याने ड्रायव्हरकडे पोचवायची. या व्यवहारात कोणी कोणाचं तोंड बघत नाही, आणि बागियो शहरात मला आवडणारी ही एवढीच गोष्ट आहे. त्या सकाळी मी नेहमीसारखी नाणी शेजारच्या तळव्यावर टाकली आणि तो तळवा मिटला नाही. नाणी घेऊन तसाच उघडा राहिला. मी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत होतो, त्यामुळे हे दिसण्याआधी मला जाणवलं. मग मान वळवून बघितलं. अंगठ्याचं नख कधीच गेलेलं, दोन बोटं हातोडीखाली सापडून वाकडी बसलेली, आणि रेषांत दगडाची भुकटी, जी कुठल्याही साबणाने जात नाही. असे हात शहरात दिसत नाहीत. दिसले तर लोक ते खिशात घालून हिंडतात.

"बघतोस काय क्लेटो, भूत पाहिल्यासारखा?" हाताची मालकीण म्हणाली. "देतेय ना पुढे."

ती मानांग फाउस्ता होती. मानांग म्हणजे थोरली बहीण. ती माझी बहीण वगैरे काही नाही, पण आमच्या डोंगरात वयाने मोठी असलेली प्रत्येक बाई बहीणच असते, हा तिथला एक कायमचा वैताग आहे. तिचा नवरा रुफिनो माझ्या बापाच्या सोन्याच्या बोगद्यातला भागीदार. खाणकंपनीने बोगद्यात हवेचा पंखा बसवला त्याच्या आदल्या पावसाळ्यात तो आतल्या कोंडलेल्या हवेने गेला, बसल्या जागी, दिवा मांडीवर घेऊन, झोप लागल्यासारखा. फाउस्ताच्या मांडीवर आता घडी घातलेलं तांदळाचं रिकामं पोतं होतं आणि घडीतून हातोडीचा दांडा बाहेर आला होता.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडेच."

"माझ्या घरी?"

"तुझ्या घरी काय ठेवलंय! हॉटेलात निघालेय. तू आज नाचणारेस ना तिथे?"

"नाचणार कशाला? भाषण आहे माझं."

"मग लंगोट कशाला नेसलास? पँट बघ कशी फुगलीय. पोराचा लंगोट भरल्यावर दिसते तशी."

समोरची कॉलेजातली मुलगी हसली. मी जॅकेट ओढून घेतलं. लंगोट मी माझ्या हौसेने नेसलो नव्हतो. कंपनीच्या जनसंपर्क विभागात ट्रिक्सी नावाची एक बाई आहे. ती मनिलाहून आली आणि आल्या दिवसापासून आमची संस्कृती आम्हाला समजावून सांगते आहे. तिचा निरोप आला होता की बोगदेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी, म्हणजे मी, कृपया पारंपरिक वेशात यावं. माझ्या बापाने जन्मभर जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचललेली अमेरिकन जीन्स घातली. बोगद्यात तीच, देवळात तीच, आणि पुरतानाही तीच. लंगोट मी ट्रिक्सीच्याच दुकानदाराकडून घेतला. त्याच्या आत काळी चड्डी घातली, कारण बागियोत जानेवारीत थंडी असते आणि संस्कृतीला थंडी वाजत नसली तरी मला वाजते. त्यावर पँट. हॉटेलात पोचल्यावर पँट उतरवायची, पाहुण्यांना माझ्यातला डोंगरी माणूस दाखवायचा, 'आदर्श भागीदारी' असं कोरलेली काच घ्यायची, आणि जेवणानंतर भाषण करायचं. भाषणात कामाचं वाक्य एकच होतं. आठवडाभर मी ते घोकत होतो. 'आजपासून आमच्या बोगद्यांच्या तोंडाशी कुणी उभं राहणार नाही, ही आमची स्वतःची इच्छा आहे.' यातला 'स्वतःची' हा शब्द व्हिलाकोर्ता साहेबांनी घातला होता. ते कंपनीचे उपाध्यक्ष आहेत आणि इतरांच्या इच्छा त्यांना फार चांगल्या कळतात.

तोंडाशी उभं राहणं म्हणजे काय हे जीपनीतल्या त्या कॉलेजच्या मुलीला मी सांगायला बसलो असतो तर तिने इअरफोन कानात घातला असता, आणि बरोबरच केलं असतं. आमच्याकडे बोगद्याला चांगला दगड लागला की बातमी कुणी न सांगता खोऱ्यात पसरते. मग लोक येतात. विधवा येतात, म्हातारे येतात, ज्यांच्या बोगद्याला वर्षभर काही लागलेलं नाही असे येतात. येऊन तोंडाशी उभे राहतात. बोलत नाहीत. मागणारा मागत नाही आणि देणारा विचारत नाही, आतून आलेल्या दगडातला वाटा काढून हातावर किंवा पोत्यात ठेवायचा. याला सागाओक म्हणतात. नाही म्हणायचं नसतं. आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात, कारण सोनं देणाऱ्याच्या बापाचं नसतं. भलत्याचे आभार मानले की ते डोंगराला ऐकू जातं आणि सोन्याची शीर आत सरकते. मी वीस-एकवीस वर्षांचा असताना आमच्या बोगद्याला पहिल्यांदा खरा दगड लागला. पाच महिने मी गुडघ्यांवर रांगत छिन्नी मारली होती, नाकातून काळं रक्त यायचं. आणि दुसऱ्याच सकाळी बाहेर येऊन बघतो तर ओळ. ओळीत आमच्या गावचा एक दारुडा होता, जो आयुष्यात बोगद्यात कधी शिरला नव्हता, अंधाराची भीती वाटते म्हणायचा. बापाने त्यालाही दिलं. दिलं ते वर पिवळा धागा दिसणारं, चांगल्यातलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याने काय केलं?" मी ओरडलो. बापाने माझ्याकडे बघितलंही नाही. "आलाय ना," म्हणाला. "उभा आहे ना." मला तेव्हा बाप मूर्ख वाटला. पुढे खूप वर्षं तो मला मूर्खच वाटत राहिला, आणि अशा मूर्खांनीच हा डोंगर भरला आहे असं माझं मत झालं. असं मत झालं की माणूस अध्यक्ष होतो.

मग करार झाला. कंपनीने वरचे जुने बोगदे आम्हाला कसायला दिले. आम्ही सोनं काढायला पारा वापरणं सोडायचं, घराघरातलं ते विष बंद करायचं, दगड पोत्यात भरून सील लावून थेट कंपनीच्या गिरणीत द्यायचा. मोबदल्यात शिरस्त्राणं, आधाराची लाकडं आणि हवेचा पंखा. पंख्याबद्दल मी कंपनीला नावं ठेवणार नाही. रुफिनोनंतर आमच्याकडे कुणी हवेने मेलेलं नाही. फक्त सागाओकचं काय करायचं ते त्यांना कळेना. हिशेबतपासनिसाने त्याला 'गळती' असं नाव दिलं. एक सल्लागार आला, डोंगरात दोन दिवस राहिला, त्यातला एक दिवस जुलाबांत गेला, आणि त्याने उपाय सांगितला: या सुंदर प्रथेला आधुनिक रूप द्या. तेव्हापासून बोगद्याच्या तोंडाशी पहारेकरी आहे. तो सांगतो, वीस तारखेला कचेरीत या, गरीब असल्याचा दाखला आणा. दाखला आणणाऱ्याला तांदळाची पिशवी मिळते आणि मागे फलक धरून फोटो काढतात. फाउस्ताने एकदा पिशवी घेतली. फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. तोच फोटो कंपनीच्या कॅलेंडरावर मार्च महिन्यासाठी आहे, आणि माझ्या कचेरीत मार्च संपूनही बरेच दिवस ते पान कुणी उलटलं नव्हतं.

"खालच्या बोगद्यात शीर लागली म्हणे कंपनीला," फाउस्ता म्हणाली. जीपनी तळ्याला वळसा घालत होती. हंसाच्या आकाराच्या होड्या धुक्यात रिकाम्याच बांधलेल्या होत्या. "रेडिओवर सांगत होते. दगड आणून ठेवलाय हॉटेलात, सगळ्यांना बघायला."

"हो. मग?"

"मग काय मग? सागाओकला निघालेय."

मला हसू आलं, पण ते बाहेर पडलं नाही. "मानांग, ती कंपनी आहे."

"ठाऊक आहे मला. तूच मैदानात माईक घेऊन ओरडलास ना, आजपासून कंपनी आपली भाऊबंद, एका डोंगराची लेकरं आपण. डुक्कर कापलंत. मी पण खाल्लं. भाऊबंदाला दगड लागला तर त्याच्या तोंडाशी जायचं नाही तर कुणाच्या?"

"तसं बोलायचं असतं समारंभात."

"बोललास ना? झालं तर."

"तांदूळ मिळतात ना तुला?"

"तांदळाचं मी काय करू? रुफिनो आला होता." हे तिने शेजारच्या गल्लीतला माणूस आल्यासारखं सांगितलं. "स्वप्नात. दोनदा आला. थंडी वाजते म्हणाला. पांघरूण कुजलंय बहुतेक. त्याची हाडं काढून नव्या पांघरुणात बांधायची, डुक्कर कापायचं, सगळ्यांना जेवू घालायचं. आणि ते डोंगरातल्या कमाईतून करायचं, तो डोंगरातच गेला ना. तांदूळ विकून नवऱ्याला पांघरूण घालू होय?"

मला तिचा राग आला, तिच्या या सरळ विचारांचा आला, हाडांना थंडी वाजते या खुळचटपणाचा आला. रुफिनोला आम्ही ओढत बाहेर आणलं तेव्हा त्याचे पाय किती गार होते ते आठवलं आणि त्याचाही राग आला. पहाटे उकडलेलं रताळं खाऊन, दोन गाड्या बदलून, पोतं आणि हातोडी घेऊन ही बाई चारतारांकित हॉटेलात कंपनीसमोर उभी राहणार, आणि सगळे दात काढणार. जेवणानंतर मी माझं वाक्य म्हणणार, तेव्हा ती तिथेच असणार. खरं सांगायचं तर मला फक्त ती तिथे नको होती.

"तू येऊ नकोस," मी म्हणालो.

तिने डोळे बारीक केले. "तू मला नाही म्हणतोयस का, क्लेटो?"

सरळ प्रश्न होता. हो म्हणालो असतो तर ती उतरली असती, तशी ती मानी आहे. मी देव मानत नाही, डोंगर मानत नाही, ट्रिक्सीची संस्कृती तर मुळीच मानत नाही, पण बापाच्या घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडून असा नकार निघत नाही, हे मला त्या जीपनीत कळलं आणि स्वतःची किळस आली.

हॉटेलच्या दारातल्या पहारेकऱ्याने काठीने पोतं उलगडलं, हातोडी काढून घेतली आणि फाउस्ताला प्लास्टिकचा बिल्ला दिला. "कोण या?" त्याने मला विचारलं. "बहीण," मी म्हणालो. आत ट्रिक्सीने मला एका खोलीत ढकललं, माझी पँट, जॅकेट, बूट ताब्यात घेतले, डोक्याला पिसांची पट्टी बांधली आणि मागे सरून "अस्सल!" म्हणाली. ती पिसं कोंबडीची होती. हॉटेलच्या दालनात कंपनीचे लोक, सरकारी लोक, मनिलाचे वार्ताहर, सगळे छोट्या बशांतून छोटं काहीतरी खात होते. प्रत्येकजण भेटला की माझ्या उघड्या मांड्यांकडे बघायचं नाही याची एवढी काळजी घेत होता की मला दुसरं काही दिसेना. मध्ये एका चौथऱ्यावर काचेच्या पेटीत तो दगड. पपईएवढा, पांढरा, आणि त्यातून जाडजूड पिवळी शीर गेलेली. एवढं सोनं मी जन्मात एका दगडात बघितलं नव्हतं. मला बापाची आठवण आली आणि ती मी लगेच पुसून टाकली.

फाउस्ता पेटीसमोर जाऊन उभी राहिली. रिवाजाप्रमाणे, थोडी बाजूला, पोतं हातात, नजर खाली. कुणाला काही म्हणाली नाही. लोक तिला वळसा घालून जाऊ लागले. ट्रिक्सीने येऊन तिच्या हातात एक पिशवी दिली, कंपनीचं नाव असलेली छत्री आणि कप. फाउस्ताने पिशवी पायाशी ठेवली आणि उभी राहिली. वेटरने बशी आणली, तिने ती पिशवीशेजारी ठेवली आणि उभी राहिली. या उभं राहण्याला काही अंत नसतो, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे लोक पावसात उभे राहतात.

"काय हवंय त्यांना?" व्हिलाकोर्तांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं. त्यांच्या अंगाला लिंबाच्या साबणाचा वास येतो. मी 'दगड' म्हणालो असतो तर ती गळती झाली असती. 'काही नाही' म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं, अर्थात खोट्याची मला सवय आहे. "दगडासाठी आल्यात," मी पुटपुटलो.

"अरे वा! मग फोटो काढू या की." ते उजळले. "हीच तर भागीदारी!" त्यांनी पेटी उघडायला लावली, दगड स्वतः उचलला, वार्ताहरांकडे तोंड केलं आणि तो फाउस्ताच्या दोन्ही हातांवर ठेवला.

फ्लॅश उडाले. या वेळी तिचे डोळे उघडे होते. तिने दगडाकडे बघितलं, मग व्हिलाकोर्तांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट आली. आदर. कंपनीला बरीक वागायची रीत कळते म्हणायची, असा आदर. मग तिने दगड पोत्यात घातला, तोंडाला गाठ मारली, पोतं खांद्यावर टाकलं आणि दाराकडे चालू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

"हे नाटुकलं आहे का?" व्हिलाकोर्तांनी हसू तसंच ठेवून विचारलं.

"नाही सर. तुम्ही दिलात."

"मी धरायला दिला!"

"आमच्याकडे धरायला देत नाहीत."

"घेऊन या," ते दातांआडून म्हणाले. "प्रेमाने. आवाज नको, वार्ताहर आहेत. तुमची माणसं आहेत ती, क्लेटो, तुमची जबाबदारी. आणि मग लगेच भाषण."

मी निघालो. हॉटेलच्या गार फरशीवरून अनवाणी, लंगोटात, डोक्यावर कोंबडीची पिसं. आरशांच्या खांबांमधून मी मलाच चार-चारदा दिसत होतो आणि चारही जण सारखेच हास्यास्पद होते. बाहेर फाउस्ता दगडी पायऱ्यांवर बसली होती. बिल्ला देऊन तिने हातोडी परत घेतली होती. पहारेकऱ्याने ती इमानाने दिली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बोलायचं होतं की मानांग, तो दगड परत दे, तुला कळलेलं नाही, जगात कुणी कुणाला असं देत नसतं. तोंडात मात्र ते घोकलेलं दुसरंच वाक्य येत होतं. मी नुसताच हात पुढे केला.

तिने वर बघितलं. माझ्या हाताकडे, मग तोंडाकडे.

"तूसुद्धा?" एवढंच म्हणाली.

मग तिने पोत्यातून दगड काढला, फिरवून फिरवून त्याची रेघ बघितली, पायरीच्या कडेवर धरला आणि हातोडी मारली. दुसऱ्या घावाला त्याचे तुकडे झाले. आतून तो बाहेरच्यापेक्षाही पिवळा होता. तिने त्यातला चांगल्यातला तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. पहारेकरी बघायला खाली आला होता, त्याचा हातही पुढे नव्हता, तर तो तिने ओढून घेतला आणि त्यावर एक ठेवला.

"त्याने काय केलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"उभा आहे ना," फाउस्ता म्हणाली.

उरलेलं तिने पोत्यात भरलं आणि रस्ता ओलांडून जीपनीच्या थांब्याकडे गेली. मी तिथेच राहिलो. तुकडा जड होता आणि तिच्या हाताची ऊब त्याला होती. मला रडू येत होतं, आणि मी रडण्यावर नेहमी थुंकत आलो आहे, म्हणून मी पायरीवरच्या चुऱ्याकडे बघत राहिलो. आतून माईकवर माझं नाव पुकारलं गेलं. मग दार ढकलून व्हिलाकोर्ता आले.

"दिला?" त्यांनी हात पुढे केला. स्वच्छ, गुलाबी, घड्याळ घातलेला हात. उघडा. आणि मला दिसलं की तेही तोंडाशी आलेत. त्यांना ते कळत नव्हतं, पण आलेत. नाही म्हणायची एवढी सुंदर संधी मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. माझा तुकडा घाव बसून चिरलेलाच होता, दोन्ही हातांनी पिळल्यावर दुभंगला. जास्त पिवळा दिसत होता तो अर्धा मी त्यांच्या हातावर ठेवला.

"थँक यू," ते सवयीने म्हणाले, आणि मग हाताकडे बघून, "बाकीचा कुठाय?"

"सागाओक एवढाच असतो, सर. आणि आभार मानायचे नसतात."

मी रस्ता ओलांडला तेव्हा ते मागून काहीतरी बोलत होते. माझं नाव पुन्हा एकदा माईकवरून आलं. जीपनी सुटत होती, मी दांडा धरून चढलो, पिसांची पट्टी छताला लागून खाली पडली आणि कुणाच्या तरी भाजीत गेली. एकजण खदखदून हसला. फाउस्ताने सरकून जागा केली. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पैसे पँटीच्या खिशात आहेत आणि पँट ट्रिक्सीच्या खोलीत. मी काही बोललो नाही. तिने कनवटीची गाठ सोडली, दोघांचं भाडं काढलं आणि शेजारच्याच्या हातावर ठेवलं. नाणी पुढे पुढे जात ड्रायव्हरपर्यंत पोचली. मी आभार मानले नाहीत.